चारशे पंच्याण्णव रुपयांचं वांगं

सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. टेंभुर्णी म्हटलं की पुण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी येते. ऑफिसात नवीन होतो तेव्हा एकाने विचारलंही, "म्हणजे तुमच्याकडे उजनीचं पाणी ना?" नाही हो. उजनी तिकडची, ऊसही तिकडचा. माझी टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. तिथून पुढे बुलढाणा जिल्हा लागतो. आमच्याकडे पाणी कमी आणि वांगी भरपूर. आजचं सगळं भांडण या वांग्यावरूनच आहे.

तर झालं असं. मागच्या हिवाळ्यात आमचं एक मोठं रिलीज सुखरूप पार पडलं, म्हणून मॅनेजरसाहेबांनी टीमला जेवायला नेलं. पुण्यातलंच एक इटालियन हॉटेल. मंद दिवे, जाड कागदाचं मेन्यूकार्ड, वेटरचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. माझ्या शेजारी बसलेल्या टीममेटने मागवला 'पास्ता आल्ला नोर्मा'. किंमत ४९५ रुपये, कर वेगळा. बशी आली. बघतो तर नळीसारख्या शेवया, टोमॅटोचा लाल रस्सा आणि त्यावर तळलेल्या वांग्याच्या फोडी. झालं! वर थोडं पांढरं चीज भुरभुरलेलं आणि एक हिरवं पान.

आता हा टीममेट म्हणजे कोण? तर कॅन्टीनमध्ये डब्याचं झाकण उघडलं आणि भरली वांगी दिसली की "शी! परत वांगं?" असं म्हणून डबा सरकवणारा प्राणी. तोच आता डोळे मिटून म्हणत होता, "वॉव, किती रस्टिक!" रस्टिक म्हणजे मराठीत खेडवळ. मी खऱ्याखुऱ्या खेड्यातला आहे, पण मला आजवर कोणी इतक्या प्रेमाने रस्टिक म्हटल्याचं आठवत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचा होता. (अण्णा म्हणजे माझे वडील.) बाहेर जाऊन घेतला. पाऊण एकर वांगं लावलं होतं, त्या दिवशी माल मार्केटला गेला होता. वीस किलोच्या कॅरेटला नव्वद रुपये मिळाले. तोडणी, गाडीभाडं, हमाली वेगळीच. अण्णा तक्रार करत नव्हते, नुसतं सांगत होते. मग म्हणाले, "जेवला का? काय होतं?" मी म्हणालो, "वांगं." खोटं नव्हतं ते.

सवयीने तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. किलोला साडेचार रुपये. बशीत फार तर पाव किलो वांगं. म्हणजे ४९५ रुपयांतले रुपया-सव्वा रुपया अण्णांचे.

आता इथे थांबा. मी हॉटेलवाल्याला शिव्या घालणार असं वाटत असेल तर तसं नाही. त्याचं भाडं आहे, पगार आहेत, गॅस आहे, ते मंद दिवेसुद्धा फुकट जळत नाहीत. त्याने कोणाला फसवलेलं नाही. किंमत कार्डावर छापली होती आणि आम्ही साक्षर होतो. माझं भांडण त्या टीममेटशी आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याशी, तुमच्याशी. आपल्या जिभेला चव कळायच्या आधी नाव कळतं, हा माझा आरोप आहे. वांगं म्हटलं की तोंड वाकडं आणि नोर्मा म्हटलं की डोळे बंद. पदार्थ तोच, आपण बदललो. आणि याची किंमत हॉटेलात नाही, शेतात मोजली जाते.

पुण्याला परत आल्यावर (म्हणजे हॉटेलातून खोलीवर आल्यावर) या नोर्माबाई कोण ते शोधून काढलं. सिसिली हे इटलीच्या पायाशी असलेलं बेट. त्यातल्या कातानिया शहराचा हा पदार्थ. त्या शहरात १८०१ साली विन्चेन्झो बेल्लिनी नावाचा संगीतकार जन्मला, आणि त्याचा 'नोर्मा' नावाचा ऑपेरा १८३१ च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात पहिल्यांदा झाला. पहिल्या रात्री तो पडला असं म्हणतात, पुढे मात्र जगभर गाजला. पुढे कधीतरी कातानियातल्या कोण्या खवय्याने घरगुती वांग्याचा पास्ता चाखला आणि "ही तर साक्षात नोर्मा!" असे उद्गार काढले, अशी आख्यायिका. खरी असो वा नसो, तिचा अर्थ लक्षात घ्या. त्या लोकांनी आपल्या गरिबाघरच्या वांग्याला आपल्या गावच्या सगळ्यात मोठ्या कलाकृतीचं नाव दिलं. आपण काय केलं? आपण वांग्यावर म्हणी केल्या आणि मेसच्या वांग्यावर विनोद केले.

आता जरा मूळ बघू. वांगं मूळचं आपल्याकडचं, म्हणजे भारत आणि त्याच्या पूर्वेकडचा मुलूख. संस्कृतातलं वातिंगण फारसीत बादिंगान झालं, अरबांनी त्याला 'अल' लावला, आणि अरबांबरोबर ते सिसिली-स्पेनपर्यंत पोचलं. फ्रेंचांचं 'ओबेर्जीन' आणि आपण इंग्रजी समजून वापरतो ते 'ब्रिंजल', दोघं त्याच शब्दाची नातवंडं. इटलीत सुरुवातीला लोक वांग्याला घाबरायचे. त्याचं इटालियन नाव 'मेलान्झाना', त्याची फोड ते 'वेडं फळ' अशी करायचे! म्हणजे तोंड वाकडं करण्यात आपण पहिले नाही. फरक एवढाच की ते पुढे शहाणे झाले.

टोमॅटो तर त्यांचाही नाही आणि आपलाही नाही. तो अमेरिकेचा. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी युरोपात आणला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. पास्त्यावर टोमॅटोचा रस घालायची लेखी पाककृती थेट १७९० ची सांगतात. म्हणजे ज्याला आपण 'पुरातन इटालियन परंपरा' म्हणतो ती पानिपतापेक्षा तरुण आहे.

राहता राहिला पास्ता. तो मार्को पोलोने चीनमधून आणला ही गोष्ट शाळेत ऐकली असेल. विसरा. मार्को पोलो १२९५ मध्ये परतला. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी, ११५४ मध्ये, अल-इद्रिसी नावाच्या अरब भूगोलकाराने लिहून ठेवलंय की सिसिलीत पालेर्मोजवळ त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या पिठाच्या तारा करतात आणि जहाजं भरभरून बाहेर पाठवतात. पिठाच्या वाळवलेल्या तारा. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात खाटांवर काय वाळायचं? हो, तेच!

तर अशी ही बशी. वांगं आपलं, टोमॅटो तिसऱ्याचाच, तारा अरबांच्या, नाव ऑपेऱ्याचं. हिला 'परदेशी' म्हणणारे आणि हिला 'अस्सल' म्हणणारे, दोघंही मला सारखेच चुकीचे वाटतात.

यातले 'अस्सल'वाले आधी घेतो. हे शहरात सापडतात. यांचं म्हणणं, इटलीहून आलेलं ऑलिव्ह तेल, इटलीहून आलेलं चीज, बेझिल नावाचं महाग पान आणि डब्यातले सोललेले टोमॅटो नसतील तर करूच नये. अरे, सिसिलीतली बाई हा पदार्थ करते तेव्हा तिच्या शिवारात जे तेल निघतं ते वापरते. तिच्याकडे ऑलिव्ह निघतं, मराठवाड्यात करडई निघते. तिच्या नियमाप्रमाणे वागायचं तर मी घाण्याचं करडई तेलच वापरायला हवं. नियम पाळायचा की नियमाची नक्कल करायची, हे ठरवा. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस सांभाळा, इम्प्लिमेंटेशन ज्याचं त्याचं.

आणि बेझिलचं तर हसूच येतं. उन्हाळ्यात फालुद्यात सब्जा घालता ना? ते काळे, भिजल्यावर फुगणारे बी? ते या बेझिलचंच बी. सब्जाचं झाड म्हणजेच ते बेझिल, तुळशीची बहीण. दर्ग्यावर फुलांच्या चादरीबरोबर सब्ज्याच्या काड्या वाहतात, तो वास आठवा. सुपरमार्केटात प्लॅस्टिकच्या डबीत दहा पानं घेतात, आणि इकडे कुंडीत मूठभर सब्जा टाकला तर महिनाभरात झुडूप होतं. वास जरासा वेगळा, थोडा बडीशेपेकडे झुकणारा. पण चुलतबहीण नव्हे, सख्खी.

आता दुसरा पक्ष. हा गावात सापडतो आणि माझ्याच घरात सापडला.

संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा पुण्याहून दोन पाकिटं नळीचा पास्ता नेला आणि जाहीर केलं की उद्या संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार. आई म्हणाली, "कामून रे? माझ्या हाताला काय झालं?" काका ओट्यावर बसले होते, ते म्हणाले, "पुण्याला जाऊन हेच शिकला का? बायकांची कामं अन् परदेशी थेरं!"

काकांचा मान राखून सांगतो, दोन्ही मुद्दे फोल आहेत. परदेशीच नको असेल तर काकांच्या ताटातून आधी मिरची काढावी लागेल. तीही अमेरिकेची. मग शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका. हे सगळं गेल्यावर काकांच्या ताटात भाकरी आणि वांगं उरेल, आणि तेवढं एक तेल-मीठ लावून खाल्लं तरी मी जिंकलो! आणि बायकांच्या कामाचं म्हणाल तर ज्या माणसाने आयुष्यात वांगं पिकवलं, तोडलं, वाहिलं, विकलं, त्याला ते चिरायची लाज का वाटावी हे मला कधी कळलेलं नाही. आपल्याकडे पुरुषाने वांग्याला हात लावायचा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. त्याच्या पुढची मेहनत आईची, आणि ती मेहनत कुठल्या हिशोबात धरत नाहीत. कॅरेटमागे नव्वद रुपये निदान कोणीतरी मोजले. आईचे किती?

असो. करायला घेतलं. चार-पाच जणांचं प्रमाण देतो, कारण भांडण पोटभर जेवून करावं.

वांगी घ्या मोठी, भरिताची, पाऊण किलोच्या आसपास. छोटी काटेरी नकोत, त्यांचं बी जास्त आणि गर कमी. साल ठेवून बोटभर जाडीच्या फोडी करा, मीठ लावून चाळणीत अर्धा तास ठेवा. मीठ लावायचं ते कडूपणा जावा म्हणून, असं जुन्या बायका सांगतात. आताच्या वांग्यांत कडूपणा फारसा नसतो. पण मिठाचा दुसरा फायदा आहे: फोडीतलं पाणी निघतं, तिचा स्पंजासारखा गर बसतो आणि ती तेल कमी पिते. मग पिळून, फडक्याने टिपून, चांगल्या तापलेल्या तेलात थोड्या थोड्या करून खरपूस तळा. सगळ्या एकदम टाकल्या की तेल थंड होतं आणि वांगं उकडून लगदा होतो. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं व्यर्थ.

टोमॅटो किलोभर, लाल, पिकलेले. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा, हाताने कुस्करा. कढईत चार चमचे तेल, त्यात ठेचलेल्या लसणाच्या चार-पाच पाकळ्या. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, नुसता वास सुटला पाहिजे. मग टोमॅटो आणि मीठ. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, कडेने तेल दिसेपर्यंत. टोमॅटो आंबट असेल तर गुळाचा खडा. बस्स. कांदा नाही, हळद नाही, गोडा मसाला नाही, बाटलीतला गोड सॉस तर अजिबात नाही. आई दोनदा तिखटाचा डबा घेऊन आली, दोनदा परत पाठवला. (तिसऱ्यांदा माझी पाठ होती तेव्हा चिमूटभर पडलंच.)

पास्ता अर्धा किलोला थोडा कमी. भलं मोठं पातेलं, चार-साडेचार लिटर पाणी, लिटरमागे दोन लहान चमचे मीठ. खळखळ उकळी आल्यावर पास्ता टाका, पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी काढा. दाताखाली किंचित कणी लागली पाहिजे. ते पाणी ओतून देऊ नका! त्यात पिठूळपणा उतरलेला असतो. वाटीभर पाणी आणि पास्ता टोमॅटोच्या कढईत टाकून मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता, रस तारेला चिकटून बसतो. वरून सब्ज्याची पानं हाताने तोडून, मग वांग्याच्या फोडी. चीजच्या जागी मी आदल्या दिवशी दूध फाडून, मीठ घालून, वरवंट्याखाली दाबून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालं, किसून टाकलं. सिसिलीतलं 'रिकोत्ता सालाता' मेंढीच्या दुधाच्या निवळीचं असतं. त्याची सर नाही, पण काम भागलं.

मी पास्ता पातेल्यात टाकत होतो तेव्हा आई शेजारी उभी होती. तिने एक नळी हातात घेतली, उजेडात धरली, आरपार बघितलं आणि म्हणाली, "हे तर सरगुंडे हायेत की रे!"

ज्यांना सरगुंडे माहीत नाहीत त्यांच्यासाठी: भिजवलेल्या कणकेची बारीक तार काढून ती काडीवर गुंडाळत जायची, मग काडी ओढून घ्यायची. आत पोकळ नळी राहते. वाळवून डब्यात भरायची, उकडून आमरसाबरोबर नाहीतर दूध-गुळाबरोबर खायची. माझी आजी दुपारभर बसून करायची. याशिवाय नखाने दाबून नखुल्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या गव्हल्या, मालत्या, बोटव्या. हे सगळं लग्नातल्या रुखवतात मांडायचे. इटलीत या प्रत्येक आकाराला नाव आहे, पाकीट आहे, आणि कुठला आकार कुठल्या रश्शाबरोबर खावा यावर भांडणं आहेत. आपल्याकडे ते रुखवतात मांडतात, फोटो काढतात आणि विसरतात.

मी आईला म्हणालो, आहेत का सरगुंडे घरात? होते! मागच्या उन्हाळ्यात मावशीने दिलेले, डब्याच्या तळाशी. मग दुसऱ्या गॅसवर तेही शिजवले, त्याच रश्श्यात घातले, आणि दोन्ही बशा शेजारी शेजारी ठेवल्या.

आता इथे मला "आणि आमचे सरगुंडे जिंकले!" असं लिहायला फार आवडलं असतं. पण खोटं लिहिणार नाही. सरगुंडे हरले. चवीला छान होते, पण मऊ पडले, काही फुटले, रस्सा पिऊन फुगले. पाकिटातला पास्ता मात्र ताठ होता.

याचं कारण शोधलं तेव्हा खरा राग आला, आणि म्हणूनच हे एवढं लिहितोय. पाकिटावर लिहिलं होतं 'ड्युरम'. ड्युरम म्हणजे गव्हाची वेगळी जात, कठीण दाण्याची, पिवळसर. तिचं पीठ चिवट असतं, शिजल्यावर आकार धरतं. इटलीने १९६७ साली कायदाच केला की वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे. आणि आपल्याकडे ड्युरमला म्हणतात बन्सी. बन्सी रवा ऐकलाय ना? तोच. शेवया-कुरडयांसाठी आजी बन्सीच लागतो म्हणायची. अण्णांना विचारलं तर म्हणाले, त्यांच्या लहानपणी शिवारात बन्सी होता, कोरडवाहू, पावसाच्या ओलीवर यायचा. मग पाणी आलं, जास्त उतारा देणारी सरबती-लोकवनसारखी वाणं आली, तांबेऱ्यानेही बन्सी मार खायचा, आणि हळूहळू तो गेला. मावशीचे सरगुंडे दुकानातल्या साध्या पिठाचे होते. बिचारे फुटणारच.

म्हणजे बघा, आईच्या हातात कला आहे, वांगं शेतात आहे, आणि ज्या गव्हाने ती कला उभी राहायची तोच आपण सोडला. आता तोच गहू मी पुण्याहून पाकिटात भरून टेंभुर्णीला नेतो! याला कोणी फसवलं म्हणता येत नाही. शेतकऱ्याने उतारा बघितला, बरोबरच केलं त्याने. पण सरगुंड्यांना कोणी बाजारात विचारलं असतं, चार पैसे जास्त दिले असते, तर बन्सीला पेरायचं कारण राहिलं असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहूसाठी एमएसीएस ४०२८ नावाचं ड्युरम वाण काढलंय, प्रथिनं १४.७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाण आहे, जमीन आहे. गिऱ्हाईक कुठाय? गिऱ्हाईक 'रस्टिक' खातंय.

ही गोष्ट मित्रांना सांगितली की आयटीतला माणूस एकच उत्तर देतो. "मग ब्रँड काढ ना! टेंभुर्णी पास्ता! अॅप कर!" ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडे खिळेच दिसतात. अरे बाबा, सगळ्याच गोष्टींना स्टार्टअप हे उत्तर नसतं. आधी खाणारं तोंड लागतं. शेजारच्या खानदेशात बघा. तिथे हिवाळा आला की शेतात भरिताच्या पार्ट्या होतात, काट्यांवर वांगी भाजतात, कळण्याची भाकरी करतात, पाहुण्याला आग्रहाने बोलावतात. कोणी लाजत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्या अभिमानाच्या मागून आलं. त्याच वर्षी आमच्या जालन्याच्या मोसंबीलाही मिळालं. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही.

आणि वांगं क्षुल्लक असं ज्यांना वाटतं त्यांना एकच आठवण देतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच कंपनीने तयार केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला, आणि देशभर एवढं रान उठलं की तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याला स्थगिती दिली. बाजू कुठलीही घ्या. पण ज्या भाजीसाठी मंत्री शहरोशहरी फिरला, ती 'शी, परत वांगं' म्हणून सरकवण्यासारखी भाजी नाही.

आणखी एक. २०२३ चा उन्हाळा आठवा. मे महिन्यात नाशिककडे टोमॅटोला भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला. जुलैत त्याच टोमॅटोने काही शहरांत किलोला दीडशे-दोनशे गाठले आणि आपण सगळे महागाईवर बोललो. मे महिन्यात किती जणांनी दहा किलो टोमॅटो आणून, आटवून, बाटल्यांत भरून ठेवला? सिसिलीत हेच करतात. उन्हाळ्यात सगळं घर अंगणात बसून वर्षभराचा टोमॅटो बाटल्यांत भरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया होतात ना, तसंच. स्वस्ताईत घेऊन साठवायचं शहाणपण आपल्याच घरात होतं. आता आपण भाव पडला की गप्प आणि चढला की आरडाओरडा. मीही त्यातलाच, म्हणून हक्काने बोलतोय.

त्या संध्याकाळी काय झालं ते सांगून संपवतो. काका आधी "मला भूक नाही" म्हणाले, मग चव बघायला म्हणून एक बशी, मग वाटीभर "उरलंय तर द्या". अण्णा न बोलता जेवले. शेवटची फोड उचलताना विचारलं, "याचे तिकडं किती घेतात?"

मी म्हणालो, "चारशे पंच्याण्णव."

त्यांनी फोड तोंडात टाकली, चावली. "वांगं कोवळं पाहिजे होतं," म्हणाले. "उद्या सकाळी तोडून देतो, तसं करून बघ."

दुसऱ्या दिवशी परत केला. या वेळी आईने केला, मी फक्त चिरून दिलं. तिखटाचा डबा ओट्यावर उघडाच होता आणि मी काही बोललो नाही.

तर मंडळी, या शनिवारी एवढंच करा. भरिताची दोन वांगी आणा, भाव करू नका. मित्रमंडळींना जेवायला बोलवा आणि बशी पुढे ठेवताना नोर्मा वगैरे काही सांगू नका. वांगं म्हणून सांगा. बघू कोण तोंड वाकडं करतं.

ता.क. : अण्णांनी ऑक्टोबरच्या शेवटी अर्ध्या एकरात बन्सी पेरायचं कबूल केलंय. "पण घेणार कोण?" असं विचारत होते. मी दोन पोती माझ्या नावावर लिहून ठेवायला सांगितली. तिसऱ्याला गिऱ्हाईक हवंय.